‘सुबह’बद्दल शहनाजचं मत

निसारभाई ९ जानेवारीला सकाळी साडेदहाच्या सुमारास गेले. गंगापूर रोडवरच्या त्यांच्या दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं. मुलगी रुखसार मागच्या बाजूला स्कूटर लावून आली तेव्हा ते पायरीवर बसले होते आणि कुलूप त्यांच्या हातात होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं. वय छप्पन्न. आजारपण काही नव्हतं.

दुकान आठ बाय दहाचं, एका कॉम्प्लेक्सच्या तळमजल्यावर, झेरॉक्सवाल्याच्या शेजारी. अत्तरं, सेंट, मोठ्या कंपन्यांच्या वासाशी मिळतेजुळते स्प्रे असा माल. निसारभाईंचा स्वतःचा म्हणावा असा सेंट एकच होता. त्याचं नाव ‘सुबह’. बायकांसाठीचा, तीस मिलीची बाटली, किंमत एकशे ऐंशी रुपये. आधी मोगरा, मग थोडा गुलाब, लिंबाच्या सालीसारखं काहीतरी, आणि या सगळ्यावर नुकत्याच उघडलेल्या साबणाच्या वडीचा वास. सहा वर्षांत त्यांनी त्याची जाहिरात केली नाही. तरी दुकानात येणाऱ्या तिघींतली एक ‘सुबह’साठी यायची.

निसारभाईंची एक पद्धत होती. सेंटचा वास गिऱ्हाइकाला दाखवायचा तो कागदाच्या पांढऱ्या पट्टीवर. सगळेच दुकानदार तसं करतात आणि पट्टी टाकून देतात. निसारभाई ती परत मागून घ्यायचे. गिऱ्हाइकाला मत विचारायचे आणि पट्टीच्या कोरड्या टोकावर बारीक अक्षरात, बोललं तसंच, लिहायचे. खाली तारीख. या पट्ट्या बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात जायच्या. रुखसारने नंतर मोजल्या, तेव्हा चारशे बारा भरल्या.

“नुकतंच नहाल्यासारखं वाटतं, नळाला पाणी नसलं तरी,” हे लंकाबाईचं मत. लंकाबाई कॉलेजच्या कोपऱ्यावर भाजी विकते. बँकेतल्या मोहिनी मॅडमचं: “दुपारी तीनपर्यंत टिकतो. तीननंतर आम्हाला कोण हुंगतंय!” शाळेतल्या उज्वला बाईंचं: “वर्गात कुणी विचारत नाही काय लावलंय, हेच बरं.” एका नर्सने नाव सांगितलं नव्हतं: “ड्यूटीवर चालतो. पेशंटला मळमळत नाही.” कॉलेजच्या एका मुलीने “आजीचा वास” म्हटलं होतं. त्याच तारखेच्या पुढच्या पट्टीवर तिच्या आईचं मत होतं: “दोन द्या.” कुणीतरी “हॉटेलचं वॉशबेसिन” म्हटलं होतं. तेही निसारभाईंनी उतरवून ठेवलं होतं.

डब्यात रबर लावलेला एक वेगळा गठ्ठा होता. त्यातली सगळी मतं एकाच बाईची, त्यांच्या बायकोची.

शहनाज मूळची नामपूरची. तिचे वडील तिथल्या कांद्याच्या बाजारात मापाडी होते. तिचं नाक असं होतं, की दूध नासण्याच्या तासभर आधी ती सांगायची. ‘सुबह’ तयार होत होता त्या वर्षी निसारभाई प्रत्येक नमुन्याची पट्टी घरी आणायचे आणि तिच्या नाकाशी धरायचे. ती भाकरी थापत असली तरी थांबायचे नाहीत. पहिल्या पट्टीवर लिहिलं होतं, “अगरबत्ती.” दुसरीवर, “फिनेल.” चौथीवर, “लग्नाचा मांडव, दुसऱ्या दिवशीचा.” आठवीवर, “साबण, पण भांड्यांचा.” अकरावीवर, “हाऊ ते साबण शे.”

थट्टा करायची असली की शहनाज माहेरच्या बोलीत जायची. तिकडे ‘शे’ म्हणजे ‘आहे’.

अकराव्या पट्टीनंतर निसारभाईंनी नमुने करणं थांबवलं आणि दुकानात ‘सुबह’ विकायला ठेवला. पुढेही दर नव्या खेपेची एक पट्टी घरी यायची आणि शहनाज तेच म्हणायची. “साबण शे. साबणाला एकशे ऐंशी रुपये कोण देतं?” निसारभाई पट्टी घ्यायचे आणि तोंड फिरवून आतल्या खोलीत जायचे. गठ्ठ्यात अशा चौदा पट्ट्या होत्या. प्रत्येकीवर “साबण शे” आणि त्याच्यापुढे बॉलपेनने केलेली बरोबरची खूण. आधीच्या दहा पट्ट्यांवर ती खूण नव्हती. रुखसारला त्याचा अर्थ लागला नव्हता.

‘सुबह’मध्ये काय किती पडतं हे निसारभाईंनी कधी लिहून ठेवलं नाही. कागद कुणाच्याही हाती लागतो, असं ते म्हणायचे. तेलं कन्नौजहून आणि मुंबईहून यायची, ती कोणती हे रुखसारला माहीत होतं. प्रमाण माहीत नव्हतं. मागे उरली होती ती अर्ध्या लिटरची एक तपकिरी बाटली. डिसेंबरमध्ये त्यांनी नवं मिश्रण केलं होतं. स्पिरिट घालण्याआधी ते चाळीस दिवस अंधारात मुरायला ठेवावं लागतं. म्हणून ती बाटली शहरातच, वडाळ्यातल्या त्यांच्या घरी, लोखंडी कपाटाच्या दुसऱ्या खणात, शर्टांच्या मागे उभी होती. झाकणाला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली. बाहेरच्या अंगाला, आतलं मिश्रण जिथपर्यंत होतं तिथे, पेनाने ओढलेली रेष.

शहनाजची इद्दत त्याच दिवशी सुरू झाली. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, नटायचं नाही, सुगंध लावायचा नाही. मोहल्ल्यात मुलींना कुराण शिकवणाऱ्या बाजींनी मोजून शेवटची तारीख सांगितली, १८ मे. अत्तरवाल्याच्या घरात हे सोपं नव्हतं. शहनाजने पहिल्याच आठवड्यात सुरम्याची डबी, खिडकीतली कुपी, नमाजाच्या चटईला लावायचं गुलाबाचं अत्तर, सगळं रुखसारकडून दुकानात पाठवलं. तपकिरी बाटली तेवढी राहिली, कारण ती मुरत होती आणि तिला हलवायचं नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी रुखसार आईशी बोलली. दुकान आता तीच चालवत होती. वय चोवीस, दोन वर्षं बापाच्या हाताखाली काढलेली.

“अम्मी, बाटलीतला एक थेंब पट्टीवर घेते. तू वास घे आणि मला सांग, मोगरा किती, गुलाब किती. मी अंदाजाने मिसळून बघते.”

“आत्ता नाही.”

“लावायचं नाहीये गं. फक्त वास.”

“मला काय करायचं नाहीये ते मला कळतं.”

“बाजींना विचारू?”

“विचार. त्या हो म्हणाल्या तरी मी नाही घेणार.” मग ती म्हणाली, “त्यांच्यासाठी करण्यासारखं आता एवढंच राहिलंय माझ्याकडे. त्यात मला सूट नको.”

मग तिनेच बेत ठरवला. १८ मेला बाटली काढायची. रुखसारने मिसळायचं, आपण सांगायचं काय कमी आणि काय जास्त. “त्यांना अकरा नमुने लागले. आपल्याला बावीस लागतील. बाटली आहे तोवर घाई नाही.”

त्या बाटलीवर सगळं अवलंबून होतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. ती होती म्हणूनच रुखसारने दुकानातल्या उरलेल्या सव्वीस बाटल्या निश्चिंतपणे विकल्या. शेवटची १२ फेब्रुवारीला मोहिनी मॅडमनी नेली.

चाळिसावा, म्हणजे चाळिसाव्या दिवसाचं कुराणपठण, १७ फेब्रुवारीला झालं. सकाळी दहापासून बायका येत होत्या. आतल्या खोलीत चादर अंथरली होती, मध्ये कुराणाचे सिपारे, म्हणजे सुटे भाग, बाजूला जप मोजायला खजुराच्या बियांचा ढीग. सव्वाअकराला मालेगावहून अफरोज आल्या. त्या निसारभाईंच्या मोठ्या बहीण. भावाला त्यांनी कडेवर खेळवलं होतं. त्या शहनाजला दुल्हन म्हणत, आणि तीस वर्षांत त्यात फरक पडला नव्हता. शहनाजला जवळ घेऊन त्या रडल्या. मग त्यांचं रडणं मध्येच थांबलं.

“दुल्हन, ये खुशबू कैसी?”

“कसली, आपा?”

अफरोज पुन्हा वाकल्या. या वेळी शेजारची सिपारा वाचणारी बाईही वर बघायला लागली.

“साबण आहे तो,” शेजारच्या घरातली जिया म्हणाली. “आंघोळीचा.”

“आंघोळ सकाळी झाली असेल ना गं? आता साडेअकरा. इतका वेळ कोणता साबण टिकतो? मलापण नाव सांग, मीपण आणते.”

“मग पावडर असेल.”

“इद्दतीत पावडर?”

“मी लावली कुठे म्हणतेय? असेल म्हणतेय.”

“साबणासारखाच येतोय पण.”

“साबणासारखा येतो तोच तर त्यांचा तो सेंट. माझ्या सुनेकडे आहे ना. सुबह. हाच, हाच.”

ओढणीचा पदर तिघींच्या हातांतून फिरला. ओढणी शहनाजच्या डोक्यावरच होती. ती मान खाली घालून बसली होती. पदर जिकडे ओढला जाई तिकडे तिचं डोकं थोडं कलत होतं.

“बस करा,” अफरोज म्हणाल्या. “मय्यतीच्या घरात ही हुंगाहुंगी काय लावलीय?”

बायका पुन्हा वाचायला लागल्या. अफरोजनी तोंड शहनाजच्या कानाशी नेलं. त्यांचं बोलणं रुखसारला ऐकू आलं, कारण ती मागेच पाण्याचा जग घेऊन उभी होती.

“तू लावलं नसशील. मैं जानती हूँ. पण घरात ठेवलंस कशाला, बेटा?”

शहनाजने पदर स्वतःच्या नाकाला लावला. चाळीस दिवसांच्या रडण्याने नाक बंदच असायचं. तरी तिला वास आला.

बायका तीनपर्यंत पांगल्या. रुखसार फुप्पीला, म्हणजे अफरोजना, मालेगावच्या गाडीत बसवायला गेली आणि तिथून दुकानात एक पार्सल घ्यायला. घरात शहनाज एकटी होती.

तिने कपाट उघडलं. तिच्या पांढऱ्या ओढण्या त्याच दुसऱ्या खणात होत्या, शर्टांच्या पुढे. बाटली बाहेर काढली. झाकणावरची चिकटपट्टी एका बाजूने पिवळी पडली होती. तिने ठरवलं की बाटली गळते आहे आणि चाळीस दिवस तो वास तिच्या कपड्यांत उतरतो आहे. दोन हातांत बाटली धरून ती मोरीत गेली, चिकटपट्टी सोडली, श्वास रोखला आणि बाटली उपडी केली. वरून तीन बादल्या पाणी ओतलं. मग खण रिकामा केला. चार ओढण्या, दोन पांढरे ड्रेस, आणि खणातच होते म्हणून निसारभाईंचे सात शर्ट. सगळं सोड्याच्या गरम पाण्यात घातलं आणि दोनदा धुतलं.

रुखसारला वास गल्लीच्या तोंडाशीच आला. सहा वाजले होते. ती स्कूटरवरून उतरून जवळजवळ पळतच आली. अंगणातल्या दोरीवर अब्बाचे सात शर्ट निथळत होते आणि मोरीच्या कठड्यावर तपकिरी बाटली उलटी ठेवलेली होती.

“अम्मी, काय केलंस?”

“गळत होती.”

“मग जियाकडे ठेवायची! दाराबाहेर ठेवायची! मला फोन करायचा!”

शहनाज आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. ओढणी नाकावर दाबलेली.

“सुचलं नाही,” ती म्हणाली.

रुखसारने बाटली उजेडात धरली. तळाशी फक्त पाणी होतं.

मोरीचं पाणी गल्लीतल्या गटारीत जायचं. तीन दिवस गटारीतून मोगऱ्याचा आणि साबणाचा वास येत राहिला. दुसऱ्या दिवशी जिया दारातून म्हणाली, “खाला, आपल्या गटारीला असा वास जन्मात आला नव्हता. लोकं दुसऱ्या गल्लीतून बघायला येतायत.” मग शहनाजचा चेहरा बघून तिने जीभ चावली. ते तीन दिवस शहनाजने खोलीचं दार लावून घेतलं आणि फटीत ओली चादर कोंबली. निसारभाईंच्या हातची शेवटची खेप अख्ख्या गल्लीने हुंगली. तिने नाही.

२० फेब्रुवारीला तिने रुखसारला कपाटाचा खण पुसून घ्यायला सांगितलं. वासाचा काही अंश राहायला नको, म्हणून जुना वर्तमानपत्राचा कागदही बदलायचा होता. रुखसारने कागद उचलला. मागच्या कोपऱ्यात, कागदाखाली, एक चपटी कापडी पिशवी होती. तिच्यात साबणाच्या चार वड्या होत्या. तीन वड्यांना हिरव्या कमळांचं वेष्टण, त्यावर मालेगावच्या एका कारखान्याचा पत्ता, छपाई अर्धी उडालेली. चौथी उघडी होती. तिचं वेष्टण घडी करून सोबत ठेवलं होतं आणि त्याच्या आतल्या पांढऱ्या बाजूवर निसारभाईंचं बारीक अक्षर होतं.

“नमुना. इथपर्यंत पोचायचं.”

रुखसारने वडी नाकाशी नेली. चाळिसाव्याच्या दिवशी बायकांनी ओळखलेला वास हाच होता. तो मुळात सेंटचा नव्हताच. ओढण्यांच्या खालून, कागदामधून, या वड्यांचा वास कापडाला लागला होता. बाटली घट्ट बंद होती.

ती कपाटासमोर खाली बसली. त्या चौदा खुणांचा अर्थ तिला तिथे लागला. अम्मी दर वेळी चिडवायला “साबण शे” म्हणत होती आणि अब्बा दर वेळी बरोबरची खूण करत होते, कारण त्यांना साबणच हवा होता.

बाहेरच्या खोलीतून शहनाजने विचारलं, “पुसलं का?”

“पुसतेय.”

तिने पिशवी प्लास्टिकमध्ये गुंडाळून पर्समध्ये टाकली, दुसऱ्या दिवशी दुकानात नेली आणि गल्ल्याखालच्या ड्रॉवरमध्ये कुलूपबंद केली. आईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर शहनाजला कळलं असतं की तिने इद्दत मोडली नव्हती. त्याच क्षणी हेही कळलं असतं की बाटली तिने उगाचच ओतली. रुखसारला यातलं एक सांगून दुसरं लपवण्याचा मार्ग सापडला नाही.

इद्दत मोडल्याचा भार नंतर थोडा हलका झाला. रमजानच्या आधी शहनाजने फोनवर बाजींना विचारलं. अजाणतेपणी झालं असेल तर गुन्हा नाही, असं बाजी म्हणाल्या. फोन ठेवून शहनाज म्हणाली, “माफ आहे.” पण ती त्यानंतरही ओढणी दिवसाआड धुवत राहिली. ईद एप्रिलमध्ये आली. सकाळी शिरखुर्मा घेऊन आलेल्या बायकांना तिने उंबऱ्याबाहेरच बसवलं, कारण सगळ्यांच्या अंगाला अत्तर होतं.

दुकानात ‘सुबह’ विचारणाऱ्या बायका येत राहिल्या. रुखसारने जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले. कुणाकडे थोडाही उरला असेल तर हवा होता.

“अगं, मी बाटलीत पाणी घालून शेवटचं मारलं गेल्या सोमवारी,” मोहिनी मॅडम म्हणाल्या. “आधी सांगायचं ना.”

नऊ जणींना विचारलं, बहुतेकींचा संपला होता. लंकाबाईने मात्र बाटली आणून दिली, तळाशी बोटभर सेंट असलेली. “घे, पोरी. निसारभाऊचं हाय, मला काय पैशे नको.” पण ती बाटली वर्षभर तिच्या हातगाडीच्या पाटीत उन्हात पडून होती. झाकण उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला. रुखसारने लंकाबाईला ते सांगितलं नाही.

१८ मेला शनिवार होता. सकाळी शहनाजने आंघोळ केली, अफरोजनी मालेगावहून पाठवलेला मोतिया रंगाचा ड्रेस घातला आणि दाराबाहेर दहा पावलं चालून परत आली. जियाने तिला हाताला धरून नेलं होतं. बायका भेटून गेल्या. अफरोजचा फोन आला. साडेअकराला घरात दोघीच राहिल्या.

रुखसारने त्या दिवशी दुकान उघडलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी ती कापडी पिशवी तिने घरी आणली होती. काढायची की नाही, हे ठरलं नव्हतं.

“डबा आण,” शहनाज म्हणाली.

“कुठला?”

“त्यांचा. पट्ट्यांचा. आज बाटली काढणार होतो. बाटली नाही, निदान डबा बघू.”

रुखसारने डबा आणला आणि एकेक पट्टी वाचायला सुरुवात केली. लंकाबाईच्या मताला शहनाजने मान हलवली. “आम्हाला कोण हुंगतंय” ऐकून ती हसली. वॉशबेसिनवर म्हणाली, “कोण होती ती मेली?” चारशे पट्ट्यांतल्या तीसेक वाचून झाल्यावर तिने थांबवलं.

“माझ्या वाच.”

रुखसारने रबर काढला. अगरबत्ती, फिनेल, मांडव. आठवीला शहनाजने पदर तोंडाला लावला, पण ती हसत नव्हती. अकरावीपासून रुखसार नुसत्या तारखा वाचत गेली.

“त्यांचं तोंड उतरायचं,” शहनाज म्हणाली. “दर वेळी. पट्टी घेऊन आत निघून जायचे. मी हसायचे. सहा वर्षं एक माणूस काहीतरी करतोय, विचारतोय, आणि मी साबण म्हणतेय. एकदा चांगलं म्हटलं असतं तर माझं काय जाणार होतं?”

“अम्मी...”

“चाळिसाव्याला इतक्या बायांनी सांगितलं, सेंट आहे म्हणून. मी एकटीच साबण म्हणत होते इतकी वर्षं. एक कोरी पट्टी घे. माझं मत लिही. साबण नव्हता, असं लिही. खाली आजची तारीख.”

रुखसारने डब्यातून कोरी पट्टी घेतली. पेनाचं टोपण काढलं. मग पेन खाली ठेवलं, उठली आणि पर्समधली पिशवी घेऊन आली.

“अब्बांचं तोंड उतरायचं नाही,” ती म्हणाली.

शहनाजने आधी वेष्टण पाहिलं. हिरव्या कमळांवरून अंगठा फिरवला.

“हा नामपूरचा,” ती म्हणाली. “तिथल्या बाजारात मिळायचा. माझ्या लग्नाच्या पेटीत सहा वड्या होत्या, अम्मीने कपड्यांच्या खाली लावल्या होत्या. कारखाना बंद पडला त्याला झाली की वीस वर्षं. यांना कुठे मिळाला?” मग तिला काहीतरी आठवलं. “नवीन नवीन होतो तेव्हा रोज म्हणायचे, पेटी उघड ना. काय काम आहे, म्हटलं तर काही नाही. नुसती उघड.”

तिने घडी केलेलं वेष्टण उलगडलं आणि आतलं अक्षर वाचलं. वाचायला तिला वेळ लागला. मग गठ्ठ्यातली वरची पट्टी उचलून “साबण शे”पुढची खूण पाहिली. त्याखालची पाहिली. चौदाही पाहिल्या.

जियाच्या घरात कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.

“कुठे होता हा?”

“कपाटात. तुझ्या ओढण्यांच्या खाली. कागदाखाली.”

“म्हणजे तो वास याचा होता.”

“हो.”

“बाटली गळत नव्हती.”

“नाही.”

“नव्हतीच,” शहनाज म्हणाली. “रेषेला एक थेंब कमी नव्हता. ओतताना मी बघितलं होतं.”

रुखसार तिच्यासमोर खाली बसली.

“तुला कधी कळलं?”

“वीस फेब्रुवारीला. खण पुसताना.”

शहनाजने मान हलवली. तीन महिने तिने मोजले की नाही, ते चेहऱ्यावरून कळलं नाही. तिने उघडी वडी दोन्ही हातांत धरली आणि नाकाशी नेली. नऊ जानेवारीनंतर तिने मुद्दाम घेतलेला हा पहिला वास होता. तिने डोळे मिटले. एकदा तिने मोरीच्या दिशेने पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले.

“लिही,” ती म्हणाली.

“काय लिहू?”

“साबण शे.”

रुखसारने लिहिलं. खाली तारीख घातली, १८ मे. मग, अब्बा करायचे तशी, पुढे बरोबरची खूण केली. पट्टी तिने रबर लावून गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवली. डब्यातली ती एकच पट्टी होती जिच्यावर कधी कसला थेंब पडला नव्हता.